या कानाचे त्या कानाला : एका कानाच्या बहिरेपणावरील उपचारांचा इतिहास (धागा)

एकोणिसाव्या शतकातील सत्तरचे दशक. इंग्लंडमध्ये एक उमराव हिरवळीवर डोळे मिटून उभा आहे. भोवती वेगवेगळ्या अंतरांवर त्याचे साहाय्यक उभे आहेत. कोणी दोन शब्द बोलतो, कोणी नादकाटा वाजवतो, आणि उमरावाने आवाज कोणत्या दिशेने आला ते सांगायचे. हा उमराव म्हणजे लॉर्ड रॅले. पुढे १९०४ साली आरगॉन वायूच्या शोधाबद्दल पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले तो हाच.

माणसाचा आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे त्याला सहज कळे. नादकाट्याचा शुद्ध स्वर मात्र पुढून आला की मागून, यात तो फसे. या साध्या खेळातून सुरू झालेल्या विचाराला त्याने १९०७ सालच्या निबंधात पक्के रूप दिले. उंच पट्टीच्या स्वरांना डोके आडवे येते, त्यामुळे पलीकडच्या कानावर जणू सावली पडते. खालच्या पट्टीचे स्वर डोक्याला वळसा घालून जातात, पण दोन्ही कानांशी पोहोचताना त्यांच्या लहरी किंचित मागेपुढे होतात. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो.

म्हणजे एक कान गेला की माणसाचे नेमके काय जाते, हे १९०७ साली छापून आले होते. दिशा जाते. बहिऱ्या बाजूने बोललेले डोक्याच्या सावलीत अडकते. गोंगाटातून एकच आवाज वेगळा काढण्याची सोय जाते. एवढे ठाऊक असूनही वैद्यकाने पुढची कित्येक दशके अशा रुग्णाला जे उत्तर दिले, ते आपल्याकडच्या घराघरांतही ऐकू येते : ‘दुसरा कान चांगला आहे ना, मग झाले तर!’

उपचाराच्या इतिहासात शिरण्याआधी एक भेद स्पष्ट हवा. कान ऐकत नाही म्हणजे नक्की कुठे अडले आहे? १८३४ साली लायपझिगच्या एर्न्स्ट हाइन्रिख वेबरने जे निरीक्षण नोंदवले, ते कोणालाही घरबसल्या करून पाहता येते. एका कानात बोट घालून तोंड मिटून गुणगुणा. आवाज बंद केलेल्याच कानात मोठा वाटतो. वाजता नादकाटा कपाळाच्या मध्यावर टेकवला असता हेच घडते. अडथळा बाह्यकर्णात किंवा मध्यकर्णात असेल, तर नाद बिघडलेल्या कानाकडे जातो. अंतर्कर्ण किंवा श्रवणाचा मज्जातंतू निकामी असेल, तर तो चांगल्या कानाकडे जातो. १८५५ साली अडोल्फ रिनने या परीक्षेला आणखी एक जोड दिली. लोखंडाच्या दोन बोटांएवढ्या तुकड्याने रुग्णांच्या वाटा वेगळ्या केल्या.

पहिल्या वाटेवरच्यांचे नशीब आधी उघडले. मध्यकर्णातील रिकिबीच्या आकाराचे इवले हाड जखडून बसल्याने ऐकू येईनासे झालेल्या रुग्णांसाठी १९५६ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे जॉन शेने ते हाड काढून त्या जागी टेफ्लॉनची प्रतिकृती बसवली. ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली.

दुसऱ्या वाटेवरच्यांना मात्र द्यावे असे काहीच नव्हते. कोणाचा कान लहानपणी गालगुंडाने गेलेला, कोणाचा श्रवणाच्या मज्जातंतूवरील गाठ काढताना गेलेला. (भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवावे.) साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण जो अंतर्कर्ण उरलेलाच नाही त्याला मोठा आवाजही लहानाइतकाच निरुपयोगी.

१९६५ साली अमेरिकेतील अर्ल हार्फर्ड आणि जोसेफ बॅरी यांनी या कोंडीवर जी युक्ती प्रसिद्ध केली, ती आज वाचताना ‘हे आधी कसे सुचले नाही’ असे वाटते. बहिऱ्या कानाला ऐकवण्याचा प्रयत्नच सोडून द्यायचा. त्या बाजूला फक्त मायक्रोफोन लावायचा आणि तिथला आवाज तारेने चांगल्या कानापर्यंत न्यायचा. तार न्यायची कुठून, तर पुष्कळदा चष्म्याच्या दांड्यांतून. चांगल्या कानात घालायचा साचा मुद्दाम उघडा ठेवलेला, म्हणजे त्याचे स्वतःचे ऐकणे अडत नाही. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘क्रॉस’ हे नाव पडले. ‘या कानाचे त्या कानाला कळू न देणे’ असा आपला वाक्प्रचार आहे. हे यंत्र नेमके त्याच्या उलट काम करते.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात ब्रायन विल्सन हा तरुण संगीतकार ‘पेट साउंड्स’ हा संगीतसंग्रह ध्वनिमुद्रित करत होता. त्याचा उजवा कान जवळजवळ पूर्ण बहिरा. १९६६ साली हा संग्रह बाहेर आला तो एकाच वाहिनीतला, ‘मोनो’. डाव्या-उजव्या बाजूंनी वेगळा आवाज देणाऱ्या ‘स्टीरिओ’चा अनुभव त्याला घेता येणेच शक्य नव्हते. एका कानाने माणूस किती दूर जाऊ शकतो याचे उदाहरण म्हणून विल्सनचे नाव नेहमी घेतले जाते. ते खरेही आहे. परंतु अशाच उदाहरणांनी ‘एक कान पुरतो’ ही समजूत घट्ट केली, हेही विसरून चालणार नाही.

ती समजूत किती घट्ट होती? मुलांच्या श्रवणदोषांवरील एका मान्यवर अमेरिकी पाठ्यपुस्तकात १९७८ सालीही, कारण शोधावे आणि याने मुलाचे काही अडत नाही असा पालकांना दिलासा द्यावा, यापलीकडे तज्ज्ञ सहसा जात नाहीत, अशी नोंद होती. या दिलाशाला तडा दिला तो फ्रेड बेस आणि अ‍ॅन मेरी थार्प यांनी. एका कानाने बहिऱ्या असलेल्या शाळकरी मुलांचा त्यांनी मागोवा घेतला आणि १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : त्यांतील सुमारे ३५ टक्के मुले किमान एकदा नापास झाली होती. कोणतेही नवे यंत्र यामागे नव्हते. मुलांच्या प्रगतिपुस्तकाकडे कोणी पाहिले, एवढेच. रॅलेचे गणित आणि ही मुले यांच्यात ७७ वर्षे गेली. उपचारांच्या इतिहासात शोधांच्या तारखा ठळकपणे लिहिल्या जातात. रुग्णाला ‘तुझे काय अडते’ असे विचारले गेल्याच्या तारखा क्वचितच सापडतात.

तिसरा पर्याय हाडातून आला. दातांत धरलेल्या काठीतून आवाज पोहोचतो, हे सोळाव्या शतकात इटलीच्या कार्डानोने लिहून ठेवले होते. पण कवटीला यंत्र घट्ट जोडायचे कसे? स्वीडनचे पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांना सशांच्या हाडांवरील प्रयोगांत आढळले की टायटेनियम हाडाशी एकजीव होते. त्यातून आधी दातांचे रोपण आले. मग १९७७ साली गोथेनबर्ग येथे आंदेर्स शेलस्ट्रॉम यांनी कानामागच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र अडकवले. मूळ हेतू होता मध्यकर्णाच्या रुग्णांचा. एका बाजूला दिलेली थरथर कवटीतून फारशी न घटता पलीकडच्या अंतर्कर्णापर्यंत पोहोचते, म्हणून हेच यंत्र पुढे एका कानाने बहिऱ्या असणाऱ्यांसाठीही वापरात आले. अमेरिकेत त्याला २००२ साली मान्यता मिळाली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. चष्म्यातली तार असो वा कवटीतला स्क्रू, ऐकणारा कान शेवटी एकच. सावली हटते, बहिऱ्या बाजूला बसलेल्याचे बोलणे कळते, पण रॅलेच्या हिरवळीवरील दिशा परत येत नाही. गोंगाट बहिऱ्या बाजूला असेल, तर यंत्र तोच उचलून चांगल्या कानात ओतते.

दुसरा कान खरोखर जागा करायचा, तर एकच मार्ग होता आणि तो फार काळ एका कानाच्या रुग्णांना बंद होता. १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी मज्जातंतूला थेट विद्युत्-संवेदना देऊन पूर्ण बहिऱ्या माणसाला नाद ऐकवला. १९६१ साली लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस, १९७८ साली मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क, अशी कॉक्लिअर इम्प्लांटची वाटचाल झाली. हे सारे दोन्ही कानांनी बहिऱ्यांसाठी. चांगला कान असताना अशी शस्त्रक्रिया कोणी का करावी?

बेल्जियममधील अँटवर्प येथे पाउल व्हान दे हेयनिंग यांच्या चमूने ती केली, पण ऐकण्यासाठी नव्हे. एक कान गेलेल्या काहींना त्याच कानात अहोरात्र असह्य आवाज वाजत राहतो. तो शमवण्यासाठी इम्प्लांट बसवले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बहुतेकांचा तो त्रास लक्षणीयरीत्या घटला. शिवाय दोन बाजूंनी येणारी माहिती मेंदू जुळवून घेऊ शकतो, हे पुढील अभ्यासांतून दिसत गेले. २०१९ च्या जुलैत अमेरिकेने पाच वर्षांवरील एका कानाने बहिऱ्या रुग्णांसाठी एका इम्प्लांटला मान्यता दिली.

अर्थात त्यालाही अटी आहेत. श्रवणाचा मज्जातंतू शाबूत हवा. गाठीसोबत तो कापला गेला असेल, तर तार आणि स्क्रू हेच पर्याय उरतात. कान बहिरा होऊन जितकी वर्षे लोटली, तितकी मेंदूची ती बाजू ऐकणे विसरलेली असते. आणि कान अचानक, एकदोन दिवसांत गेला असेल, तर प्रश्न यंत्राचा नसून वेळेचा असतो. १९८० सालच्या एका अमेरिकी चाचणीत स्टेरॉइड घेतलेल्या ६१ टक्के रुग्णांचे ऐकणे सुधारले, तर नुसत्या खोट्या गोळ्या घेतलेल्यांपैकी ३२ टक्क्यांचे. त्या आकड्यांवर पुढे वाद झाले, पण अशा रुग्णाने पहिल्या काही दिवसांतच डॉक्टर गाठावा, यावर वाद नाही.

आज निवड करताना रुग्णाला तार-पद्धतीचे, आता बिनतारी झालेले यंत्र काही दिवस वापरून पाहता येते. हाडाचे यंत्रही स्क्रू न बसवता डोक्याच्या पट्ट्यावर लावून अजमावता येते. इम्प्लांटची अशी चव घेता येत नाही. त्यासाठी एमआरआयमध्ये मज्जातंतू पाहावा लागतो. आणि या सगळ्याच्या आधी, तपासणीच्या खोलीत, कपाळाच्या मध्यावर वाजता नादकाटा टेकवून विचारले जाते : आवाज कोणत्या कानाकडे जातो?