शेतकऱ्याचें दीर्घायुष्य

राजे, मुत्सद्दी आणि पंडित यांचीं चरित्रें लिहिण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. विसाव्या शतकांत आपल्या पांढरपेशा घराण्यांनींहि आपापले कुलवृत्तान्त छापविले. मूळ पुरुष कोण, तो कोठून कोठें आला, वतन कोणतें होतें, याची नोंद त्यामुळें अनेक घरांत झाली. परंतु ज्यानें आयुष्याचे साठ-पासष्ट पावसाळे एकाच डोंगरउतारावर घालविले, मुलेंबाळें वाढविलीं आणि शेवटीं त्याच मातींत देह ठेविला, त्याचें चरित्र लिहावें काय, आणि लिहावयाचें तर त्यांत सांगावें काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारितों. नाशिक जिल्ह्यांतील सुरगाण्याच्या वृद्ध शेतकऱ्यांचा विचार करितांना तो आमच्यापुढें उभा राहतो. त्याचें एक उत्तर आम्हांस फार दूरच्या समाजांत सांपडतें. तो समाज म्हणजे मेनोनाइट ख्रिस्ती शेतकऱ्यांचा.

मेनो सिमन्स हा हॉलंडच्या उत्तरेकडील फ्रीसलंड प्रांतांतील धर्मोपदेशक. १५३६ मध्यें त्यानें रोमन चर्च सोडलें, आणि ज्या पंथास तो मिळाला त्यास पुढें त्याचेंच नांव पडलें. जाणत्या वयांतच बाप्तिस्मा घेणें, शस्त्र न धरणें आणि शपथ न वाहणें हीं या लोकांचीं मुख्य व्रतें. त्यांपायीं त्यांचा छळ झाला, अनेकांस देहदंड झाला, आणि उरलेल्यांपैकीं पुष्कळजण आडबाजूस जाऊन शेती करूं लागले. विस्तुला नदीच्या मुखाजवळील दलदली त्यांनीं चर खणून व बांध घालून लागवडीस आणिल्या. १७८९ पासून दक्षिण रशियाच्या गवताळ मैदानांत त्यांनीं गांवें वसविलीं. १८७४ मध्यें तेथें सक्तीच्या लष्करी नोकरीचा कायदा झाला, तेव्हां हजारों माणसें घरदार मोडून अमेरिकेंतील कॅन्सस व कॅनडांतील मॅनिटोबा इकडे निघून गेलीं.

दरबारांत ज्यांचा कोणी वाली नव्हता अशा या लोकांनीं आपली आठवण आपणच जतन केली. १८६४ मध्यें अमेरिकेंत निघालेल्या ‘हेरल्ड ऑफ ट्रूथ’ या त्यांच्या पत्रांत मृत्युवार्तांस नेमाची जागा असे. मृत मनुष्य साधा शेतकरी असला तरी त्याचा जन्म कोठें झाला, विवाह कोणाशीं झाला, मुलें किती, त्यांपैकीं हयात किती, नातवंडें किती, हें त्यांत येई. आणि वय तर वर्षें, महिने व दिवस मोजून देत. मोठ्या पराक्रमाची तेथें अपेक्षा नसे. घर, शेत आणि मंडळी यांत मनुष्य कसा वागला, एवढेंच पाहिलें जाई. दीर्घ आयुष्य प्रामाणिकपणें जगणें हीच एक नोंदण्याजोगी गोष्ट आहे, असा या शिरस्त्याचा अर्थ होय.

हा पंथ आपल्यापासून वाटतो तितका दूर नाहीं. १८९९ मध्यें अमेरिकन मेनोनाइट मिशनरी धमतरीस येऊन राहिले. धमतरी तेव्हां नागपूर ही ज्याची राजधानी त्या मध्यप्रांतांत होती. त्या पाठोपाठच मोठा दुष्काळ पडला, आणि शेंकडों पोरकीं मुलें मिशनच्या आश्रयास आलीं. तीं मोठीं झाल्यावर कांहींचे संसार बालोदगहन या मिशनच्या गांवीं शेतीवर थाटले गेले. ज्यांच्या मागें कुळ राहिलें नव्हतें त्यांस जमीन आणि कुटुंब यांतून नवें कुळ उभारावें लागलें.

तथापि या समाजाची स्तुति करितांना एक गोष्ट विसरूं नये. रशियांतील मोलोच्ना नदीकांठीं त्यांचीं गांवें वसलीं तेथें नोगाइ लोक गुरें चारीत होते. मॅनिटोबांतहि जमीन ओसाड नव्हती. तेथें मूळ रहिवाशी होतेच. एकाच्या घरीं जन्ममृत्यूची नोंद राहिली आणि दुसऱ्याचें नांवहि राहिलें नाहीं. कागद ज्याच्या हातीं, त्याची आठवण जगते.

सुरगाण्याची कथा या दुसऱ्या पक्षाची आहे. देशमुखांचें हें छोटें संस्थान १९४८ मध्यें विलीन झालें व पुढें नाशिक जिल्ह्याचा तालुका बनलें. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल यांची येथें वस्ती. उतारावर पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा, पाऊस पडतांच नागली-वरईचें रोप टाकावयाचें, मग भर पावसांत वांकून आवणी करावयाची, हा येथला पिढ्यान् पिढ्यांचा क्रम. पाऊस मुबलक, पण पाणी उतारावरून पश्चिमेकडे धांवून जातें आणि उन्हाळ्यांत हंड्यासाठीं पायपीट होते. पीक निघालें कीं पुष्कळ कुटुंबें दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांवर मजुरीस जातात. अशा भूमींत ऐंशी वर्षें काढणें आणि घर मोडूं न देणें हें कोणत्याहि मुलुखगिरीहून हलकें काम नव्हे.

परंतु आजा-पणजानें कसलेली पुष्कळशी जमीन दप्तरीं ‘वन’ म्हणून लिहिलेली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें हा अन्याय मान्य केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून ताब्यांत असलेल्या जमिनीवर, चार हेक्टरांपर्यंत, आदिवासी कसणाऱ्याचा हक्क त्यानें स्वीकारिला. आणि विवाहिताच्या बाबतींत तो पति-पत्नी दोघांच्या नांवें नोंदवावा असें ठरविलें. त्या संसारांत तिचा वांटा अर्धा होता हें कायद्यानें ओळखिलें, हें आम्हांस विशेष वाटतें.

आमच्या विषयास अत्यंत जवळची गोष्ट तर पुढेंच आहे. पुरावा काय द्यावा, हें सांगतांना या कायद्याच्या नियमांनीं सरकारी कागदांबरोबर घर, बांध, सपाट केलेली जमीन यांस स्थान दिलें, आणि गांवांतील वृद्धांचें लेखी उतरविलेलें कथनहि ग्राह्य धरिलें. म्हणजे म्हाताऱ्याची आठवण ही केवळ शेकोटीजवळची करमणूक राहिली नाहीं. ती शेजाऱ्याच्या शेताचें दस्तऐवज झाली. एवढें असूनहि दावे रखडले. मार्च २०१८ मध्यें नाशिकहून मुंबईपर्यंत जो किसान मोर्चा पायीं गेला, त्यांत सुरगाण्याचे स्त्री-पुरुष मोठ्या संख्येनें होते, आणि वनजमिनीचा हक्क ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊं नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनीं रात्रीं चालून संपविला. परक्याच्या मुलांची अशी काळजी वाहणाऱ्या माणसांचीं चरित्रें अलिखित राहावींत, हें इतिहास लिहिणाऱ्यांस शोभत नाहीं.

सुरगाण्याच्या पाड्यांवर आतां शिकलेलीं नातवंडें आहेत. त्यांनीं आजा-आजींजवळ बसून विचारावें: संस्थान गेलें तेव्हां तुम्ही केवढे होतां? हा बांध कोणी घातला? कोणत्या सालीं नागली गेली, आणि त्या वर्षीं घर कशावर जगलें? किती मुलें झालीं, त्यांतलीं किती वांचलीं? उत्तरें मिळतील तशींच, त्यांच्याच बोलींत उतरून घ्यावीं, आणि साल आठवत नसेल तर पावसाळे मोजावे. प्रत्येक वृद्धाबरोबर एक साक्षीदार जात आहे. तेव्हां हें काम पुढच्या पावसाळ्यावर टाकूं नये.