बळ येईपर्यंत

सौंसर तालुक्यात जामसावळीला मारुती आडवा पहुडलेला आहे. रामाकोना गावाहून ते ठिकाण फार लांब नाही, आणि दुखणे घेऊन तिथे येणाऱ्यांची रीघही आजची नाही. एरवी आखाड्यातला शेंदरी मारुती उभा असतो. त्याच्या पुढ्यात जोर काढायचे, बैठका मारायच्या. मूर्तीमागची श्रद्धा वेगळी, पण उपमा म्हणून पाहिले तर गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले दोन नियम या दोन रूपांत दिसतात: धडधाकटाने घाम गाळावा, आजाऱ्याने पडून राहावे. यातला दुसरा नियम खोटा नव्हता. तो तापासाठी घडला होता. तो तापाशी काहीच संबंध नसलेल्या थकव्यालाही तसाच लावला गेला, तिथे चूक झाली. वृषणाच्या कर्करोगातून उठलेल्या तरुणांचा वर्षानुवर्षे न सरणारा थकवा पाहिला, की ही चूक नीट कळते.

सातपुड्याच्या या पट्ट्यात आजार म्हणजे आधी ताप: हिवताप, विषमज्वर, बाळंतज्वर. ताप शरीर जाळतो आणि उतरल्यावर भूक परत आणतो. मधल्या काळात अंगाला तोशीस न देणे शहाणपणाचेच. चरकाच्या ज्वरचिकित्सेत ताप गेलेल्याला व्यायाम आणि फार हिंडणे वर्ज्य सांगितले आहे, पण त्याला मुदतही घातली आहे: बळ येईपर्यंत. पडून राहिल्याने बळ येईल, हे त्यात गृहीत आहे, आणि तापापुरते ते खरे आहे. विलायती वैद्यकानेही पुढे खाटेवर असाच भरवसा ठेवला. क्षयाच्या आरोग्यधामांत महिनोन्‌महिने विश्रांती असे. हृदयविकाराचा झटका आलेल्याला सहा-सहा आठवडे उठू देत नसत. 1947 साली रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरने खाटेच्या धोक्यांवर लिहिले. मग 1966 मध्ये अमेरिकेत डलासला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून मोजमाप झाले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की त्या तीन आठवड्यांनी त्यांचा दम जितका घटला होता, तितका तीस वर्षांच्या वयानेही घटला नव्हता. खाटही औषधासारखीच आहे. तिचीही मात्रा चुकते.

वृषणाचा कर्करोग नेमका याच वयात गाठतो, साधारण पंधरा ते चाळीसच्या दरम्यान. आपल्याकडे तो विरळाच. 1970 च्या आधी तो शरीरभर पसरला की बहुतेक रोगी जात. 1965 साली बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. प्लॅटिनमच्या संयुगाने जिवाणूंचे विभाजन थांबते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून सिसप्लॅटिन निघाले. 1974 मध्ये इंडियानात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांबरोबर या रोगावर वापरले, आणि आज बहुसंख्य रोगी पूर्ण बरे होतात. बरे होऊन पन्नास वर्षे जगायची, तर त्या पन्नास वर्षांचा प्रश्नही येतोच. नॉर्वेत अशा 812 जणांना उपचारानंतर दीर्घकाळ पाहिले. सुमारे बारा वर्षांनी 15 टक्क्यांना जुनाट थकवा होता, एकोणीस वर्षांनी 27 टक्क्यांना. म्हणजे नुसत्या वाट पाहण्याने बळ आले नाही. उलट ते ओसरत गेले. चरकाची मुदत इथे संपतच नाही.

या रोगात आखाड्याचीही एक अडचण आहे. लंगोटाचा पक्का तो पैलवान, वीर्य राखले तर ताकद राहते, हा तालमीचा जुना समज. शस्त्रक्रियेत एक वृषण गेलेला तरुण त्यातून आपोआप निष्कर्ष काढतो, की आपली ताकद कापून गेली, आता जोर काढण्यात अर्थ नाही. लाजेपोटी तो कुणाला विचारतही नाही. वस्तुतः उरलेले एक वृषण बहुधा पुरेसे संप्रेरक बनवते. पण तालमीकडे याहून मोलाची गोष्टही होती, ती म्हणजे माप. सुश्रुताने व्यायाम अर्ध्या बळापर्यंतच करायला सांगितला, आणि श्वास तोंडावाटे येऊ लागणे ही त्याची खूण दिली. शक्तीबाहेर कष्टणारा हत्ती ओढणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असे वाग्भट म्हणतो. दुखापतीनंतर परतलेल्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी हौद्यात उतरवत नाही. थोड्या बैठका, उद्या थोड्या जास्त, मग लढत.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 63 रोगमुक्त पुरुषांवर झालेला प्रयोग या मापाशी ताडून पाहावा. काही जणांनी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, ट्रेडमिलच्या चढत्या पट्ट्यावर चार-चार मिनिटे जोराने चालायचे आणि मध्ये दम घ्यायचा. बाकीचे नेहमीसारखे राहिले. व्यायाम करणाऱ्यांचा दम वाढला, थकवा कमी झाला. ‘हे आपल्याकडे आधीच होते’ असे कुणी म्हणेल, तर ते खरे नाही. ही चाल अर्ध्या शक्तीहून कडक होती. साम्य आहे ते मोजून वाढवण्यात आणि मध्ये थांबण्यात. 63 हा आकडा लहान आहे, आणि ते पुरुष पट्ट्यावर चढण्याइतके तगडे होते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. थकव्याचे मूळ रक्ताच्या कमतरतेत, थायरॉइडमध्ये किंवा कमी पडलेल्या संप्रेरकात असू शकते, हाही. तेव्हा तपासणी आधी, आणि ब्लिओमायसिन हे कर्करोगाचे औषध घेतलेल्याने फुप्फुसांची विचारणा करूनच.

रामाकोन्याच्या बाजूने खरा आक्षेप निराळाच येईल: संत्र्याच्या बागेत आणि कापसात दिवसभर राबणाऱ्याला व्यायाम कशाला? मला तो पटत नाही. राबणे आपल्या मापाने होत नाही, पिकाच्या मापाने होते. तोडणी आली की माणूस खाटेवरून उठून थेट पूर्ण दिवसाच्या कामाला लागतो, आठ दिवसांनी कोसळतो, आणि घर म्हणते, पाहा, आराम करायला हवा होता. खाट आणि पूर्ण काम यांच्यामध्ये पायरीच नसते. व्यायाम म्हणजे ती पायरी. पहिल्या आठवड्यात बांधापर्यंत चालणे, पुढच्यात थोडे पुढे, दर दोन-तीन मिनिटांनी थांबून.

नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला ज्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे, ते महाराज स्वतः 1968 मध्ये कर्करोगानेच गेले. त्यांच्या ग्रामगीतेत गावाच्या आरोग्याला स्वतंत्र अध्याय आहे. इकडून नागपूरला तपासणीला जाणाऱ्याने गोळ्यांच्या वेळा विचारून झाल्या, की आणखी एक प्रश्न विचारावा: डॉक्टर, उद्यापासून मी किती चालू?