घरच्या यंत्राचें कुलूप

घराला दार असतें आणि दाराला कुलूप असतें, ही व्यवस्था इतकी जुनी आहे कीं तिचा इतिहास लिहावा असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत कित्येक घरांना एक दुसरें दार फुटलें आहे व तें डोळ्यांना दिसत नाहीं. दिवे, पंखे, पाण्याचा पंप, दारावरचा कॅमेरा यांना हुकूम सोडणारें एक लहानसें यंत्र घराच्या कोपऱ्यांत बसलेलें असतें. मालक परगांवीं गेला म्हणजे हातांतल्या फोनवरून त्या यंत्राशीं बोलतो. हें बोलणें ज्या वाटेनें घरांत शिरतें तेंच हें दुसरें दार. या यंत्रास सर्व्हर म्हणतात, म्हणजे सेवक. घरांत कोण केव्हां उठतो, घर किती वाजतां रिकामें होतें, रात्रीं शेवटचा दिवा कोणत्या खोलींत मालवतो, हें सारें हा सेवक टिपून ठेवतो. ज्याला घर फोडावयाचें आहे त्याला पहारीपेक्षां ही टिपणवही अधिक उपयोगी. म्हणून या दाराचें कुलूप कोणीं घडविलें आणि त्याची किल्ली कोणाच्या हातीं राहिली, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा राहत नाहीं.

उपकरणांना दुरून हुकूम करण्याची कल्पना तशी नवी नव्हे. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें १९७५ सालीं एक्स-टेन नांवाची पद्धति काढली. घरांत विजेच्या ज्या तारा असतात त्यांवरूनच हे हुकूम जात. घरासाठीं सोळा अक्षरांपैकीं एक व उपकरणासाठीं सोळा आंकड्यांपैकीं एक, एवढाच काय तो पत्ता. ओळख पटविण्याची कांहींच सोय तींत नव्हती. शेजाऱ्यानें तेंच अक्षर निवडलें तर त्याच्या बटणानें आपला दिवा लागावयाचा. आज याचें हसूं येतें, पण उपद्रवाची हद्द शेजाऱ्यापाशीं संपत असे हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे. घर जगाच्या जाळ्याला जोडलें गेल्यावर ती हद्द उरली नाहीं.

आतां कुलपाकडे वळूं. १९७६ सालीं व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनीं असें दाखविलें कीं, पूर्वीं कधीं न भेटलेल्या दोन व्यक्तींना उघड्या वाटेवरूनहि आपसांत एक गुप्त संकेत ठरवितां येतो. पुढच्याच वर्षीं रिव्हेस्ट, शामीर व एडलमन यांनीं जोडकिल्ल्यांची रीति सिद्ध केली: एक किल्ली चव्हाट्यावर टांगावी, दुसरी स्वतःजवळ ठेवावी, पहिलीनें लावलेलें कुलूप दुसरीनेंच उघडतें. (ब्रिटिश सरकारच्या गुप्तलेखन-खात्यांतील मंडळींनीं ही युक्ति त्यापूर्वींच शोधली होती, परंतु ती १९९७ पर्यंत दडवून ठेवण्यांत आली. कुलपाचा शोधच कुलुपांत पडून राहावा, हा योग मोठा गमतीचा.) तथापि एक अडचण उरलीच. चव्हाट्यावर टांगलेली किल्ली अमक्याचीच, हें कशावरून? लोरेन कोन्फेल्डर या एमआयटीच्या विद्यार्थ्यानें १९७८ सालच्या आपल्या पदवीच्या प्रबंधांत यावर तोड सुचविली. विश्वासू त्रयस्थानें नांव आणि किल्ली एकत्र मांडून त्यावर आपली मोहोर करावी. प्रमाणपत्र म्हणतात तें हेंच. शिक्का आणि मोर्तब पाहून कागद खरा मानण्याचा संस्कार ज्यांच्या भाषेंत अजून जिवंत आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटूं नये. मात्र मोहोर सांगते ती कागद कोणाचा एवढेंच. तो धाडणारा सज्जन आहे कीं दुर्जन, हें ती सांगत नाहीं. या एका भेदाचें विस्मरण पुढील पुष्कळ घोटाळ्यांच्या मुळाशीं आहे.

नेटस्केप कंपनीनें १९९५ सालीं ही मोहोर आणि गुप्त संभाषण ब्राउझरांत आणलें. हेतु उघड व्यापारी होता. गिऱ्हाइकाच्या क्रेडिट कार्डाचा आंकडा वाटेंत कोणीं वाचूं नये. त्याच वर्षीं व्हेरिसाइन ही मोहोर करून देणारी कंपनी निघाली. मोहोरेला दाम पडे, मुदत संपली कीं तो पुन्हा मोजावा लागे, अर्जाची यातायात निराळीच. पेढीवाल्यास तो खर्च किरकोळ. पण घराला अशी मोहोर कशाला हवी, हें त्या काळीं कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

घरगुती सर्व्हरांचा खरा जमाना पुढें आला. जर्मनींतील कै क्रॉयत्सर यांनीं २०१० सालीं ओपनहॅब आणि पॉलस शाउट्सन या डच गृहस्थानें २०१३ सालीं होम असिस्टंट सुरू केलें. दोन्हीं कामें खुलीं. कोणीहि घ्यावीं, सुधारावीं. कंपन्यांचीं तयार यंत्रें बाजारांत असतां ही उठाठेव कशासाठीं, असें विचारणाऱ्यास उत्तर २०१६ सालीं मिळालें. रेव्हॉल्व्ह नांवाचें घरगुती यंत्र विकणारी कंपनी नेस्टनें विकत घेतली होती. त्या वर्षाच्या मे महिन्यांत रेव्हॉल्व्हचा दूरचा सर्व्हर बंद झाला आणि लोकांनीं पैसे मोजून घेतलेलें यंत्र एका दिवसांत निकामी झालें. घर आपलें, दिवे आपले, पण किल्ली परक्याच्या कनवटीला, असा तो प्रकार होता. ज्याला हें नको त्याला द्वारपालाचें काम स्वतः शिकणें प्राप्त होतें.

आणि तें काम सोपें नव्हतें. उघड्या वाटेनें बोलावें तर परवलीचा शब्द वाटेंत कोणीहि वाचावा. विकत मोहोर महाग. मग मंडळी स्वतःच स्वतःच्या प्रमाणपत्रावर मोहोर करीत. गुप्तता तेवढी साधे, परंतु ब्राउझर दर वेळीं धोक्याचा लाल फलक दाखवी, आणि घरचीं माणसें तो न वाचतां पुढें जाण्याचें बटण दाबावयास शिकत. 'लांडगा आला रे आला' या गोष्टींतला मुलगा निदान गांवकऱ्यांना फसवीत होता. येथें माणसें स्वतःलाच तशी संवय लावून घेत होतीं.

ही कोंडी फुटली २०१५ सालीं. मोझिलांतील जॉश आस व एरिक रेस्कोर्ला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्सली आणि मिशिगन विद्यापीठाचे अॅलेक्स हॉल्डरमन यांच्या खटपटींतून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था उभी राहिली. १४ सप्टेंबर रोजीं तिनें पहिलें प्रमाणपत्र दिलें, आणि ३ डिसेंबरपासून तें कोणालाहि विनामूल्य मागतां येऊं लागलें. माझ्या मतें यांतील विनामूल्यतेपेक्षां मधला कारकून नाहींसा झाला ही गोष्ट मोठी. संस्थेचें यंत्र अर्जदाराच्या यंत्रास एक खुणेचा शब्द देतें. तो शब्द त्या नांवाच्या पत्त्यावर, पोर्ट ८० वर, ठराविक जागीं मांडून दाखवावा. किंवा नांवांची जी जाहीर नोंदवही आहे, जिला डीएनएस म्हणतात, तींत लिहून दाखवावा. खूण पटली कीं मोहोर मिळाली. खाजगी किल्ली घरच्या यंत्रांतून बाहेर पडतच नाहीं. मुदत तेवढी नव्वद दिवसांची ठेवली, आणि ती पाहून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. संस्थेचा हिशेब असा कीं, मुदत लहान असली म्हणजे चोरीस गेलेली किल्ली फार दिवस चालत नाहीं, आणि नूतनीकरणाला कंटाळून माणूस तें काम यंत्राकडेच सोंपवितो. हिशेब चुकला नाहीं. तरीहि एखाद्या सकाळीं मालकाला स्वतःचेंच घर उघडेनासें होतें: नवें प्रमाणपत्र वेळेवर आलेलें असतें, पण पहाऱ्यावरचा प्रोग्राम पुन्हा सुरू न केल्यामुळें तो जुनेंच दाखवीत बसलेला असतो.

पहारेकऱ्याचाहि विचार करावयास हवा. जाणते लोक घरचा सर्व्हर थेट बाहेर आणीत नाहींत; जुन्या वाड्याच्या देवडीप्रमाणें पुढें एक प्रोग्राम बसवितात. इगोर सिसोएव्ह या रशियन गृहस्थाचा २००४ सालचा एन्जिनएक्स या कामीं प्रसिद्ध आहे. तो पोर्ट ४४३ वर मोहोर दाखवितो, गुप्त संभाषण उलगडतो आणि निरोप आंत पोंचवितो. पण आंतल्या सर्व्हरला येणारा प्रत्येक जण देवडीवरूनच आलेला दिसतो. खरा पाहुणा कोठून आला हें पहारेकरी निरोपांत लिहितो तेव्हां कळावयाचें, आणि असें लिहिणें कोणीहि तोतया करूं शकतो. म्हणून जुलै २०२१ पासून होम असिस्टंटनें, मालकानें नांवानिशीं न कळविलेल्या पहारेकऱ्याचा निरोप घेण्याचेंच नाकारलें. त्या महिन्यांत कित्येकांचीं घरें बाहेरून बंद झालीं व बराच आरडाओरडा झाला. निर्णय योग्यच होता.

भारतांतील वाचकास आणखी एक अडचण ठाऊक असेल. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा मध्यवर्ती सांठा ३ फेब्रुवारी २०११ रोजीं संपला. तेव्हांपासून एकाच पत्त्यामागें शेंकडों ग्राहक बसविण्याची रीति आपल्याकडे रूढ झाली आहे. अशा घराला मोहोर मिळते, पण पाहुण्याला दारापर्यंत वाटच नसते. मग घरांतून बाहेरच्या एखाद्या ठाण्यापर्यंत बोगदा खणावा लागतो. होम असिस्टंटच्याच मंडळींनीं २०१८ सालीं काढलेली नाबू कासा ही कंपनी वर्गणी घेऊन असा बोगदा देते, आणि त्यांत कुलूप घरींच उघडतें. मधल्या ठाण्याला कांहीं वाचतां येत नाहीं. दुसऱ्या कित्येक बोगद्यांत तें ठाण्यावरच उघडतें. फुकट बोगदा घेणाऱ्यानें एवढें तरी विचारून घ्यावें.

परंतु मोहोर करणाराच फितला तर? २०११ सालीं हॉलंडांतील डिजिनोटार या संस्थेंत चोर शिरले आणि त्यांनीं गूगलच्या नांवाचें खोटें प्रमाणपत्र करून घेतलें. इराणांतील लोकांच्या पत्रव्यवहारावर त्याच्या बळावर पाळत ठेवण्यांत आली. त्याच सप्टेंबरांत त्या संस्थेचें दिवाळें वाजलें. २०१४ च्या जुलैंत आपल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या मोहोरेनेंहि गूगलचीं अनधिकृत प्रमाणपत्रें निघाल्याचें उघडकीस आलें. यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र एका जाहीर वहींत नोंदविण्याची प्रथा पडली, आणि २०१८ पासून क्रोम ब्राउझर नोंद नसलेलें नवें प्रमाणपत्र मानीत नाहीं. उपाय उत्तम, घरगुती माणसाला मात्र त्याची एक झळ लागली. ज्या क्षणीं तो आपल्या घराच्या नांवानें मोहोर घेतो, त्या क्षणीं तें नांव जगाच्या चव्हाट्यावर लागतें, आणि थोड्याच वेळांत अनोळखी यंत्रें दार ठोठावूं लागतात. सर्व पोटनांवांना मिळून एकच प्रमाणपत्र घेतलें तर नेमकें नांव झांकलें जातें. २०१८ च्या मार्चपासून तसें प्रमाणपत्रहि विनामूल्य मिळतें.

दार ठोठावणारांना मोहोरेची भीति नसते. २०१६ सालीं मिराय नांवाच्या विघातक प्रोग्रामनें कारखान्यांतून आलेल्या साठ-बासष्ट ठराविक नांव-परवलींच्या जोड्या वापरून लाखों घरगुती कॅमेरे व राउटर काबीज केले. २१ ऑक्टोबरला त्यांच्या माऱ्याखालीं अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें तासन्‌तास बंद पडलीं. मार्च २०२३ मध्यें तर होम असिस्टंटच्याच एका अंतर्भागांत असा दोष सांपडला कीं परवलीचा शब्द न विचारतां बाहेरच्याला आंतील कारभार हातीं घेतां येई. धोक्याच्या मापांत त्याला दहापैकीं दहा गुण मिळाले, आणि तो २०१७ पासून तेथें होता. प्रमाणपत्र खरें, कुलूप खरें, पण मागची भिंतच उघडी. दुरुस्ती तत्परतेनें झाली. तोंवर ज्यांचें दार जगाला खुलें होतें ते सर्व त्या भिंतीच्या भरंवशावर होते. ज्यांनीं दार उघडेंच ठेवलें नव्हतें आणि वायरगार्डसारख्या खाजगी बोगद्यानेंच जाणें-येणें ठेवलें होतें, त्यांच्या घरापर्यंत बाहेरचा कोणी पोंचूंच शकत नव्हता. जाणकारांचा कल आज या दुसऱ्या रीतीकडे अधिक आहे. मात्र तींत घरांतल्या प्रत्येकाला आपल्या फोनवर तो बोगदा चालू ठेवावा लागतो, आणि वडील मंडळी तो चालू करावयास विसरलीं म्हणजे फाटक उघडत नाहीं. या तक्रारीवर अजून तरी कोणाजवळ समाधानकारक उत्तर नाहीं.