नहपानाचा कोश आणि जोगलटेंभीची नाणी

इ. स. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी जमिनीत पुरलेला नाण्यांचा एक मोठा संचय प्रकाशात आला. अभ्यासकांच्या हाती तपासणीसाठी आलेली नाणी १३,२५० भरली. सर्व नाणी चांदीची होती आणि ती सर्व एकाच राजाने पाडलेली होती. तो राजा म्हणजे क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान होय. त्यापूर्वी नहपानाची नाणी अत्यंत दुर्मीळ मानली जात. एखादे नाणे मिळाले तरी संग्राहक व पंडित ते एकमेकांस मोठ्या कौतुकाने दाखवीत. अशा राजाची सहस्रावधी नाणी एकाच ठिकाणी सापडल्याने पश्चिम भारताच्या प्राचीन इतिहासाचे एक दालनच उघडले. रेव्ह. एच. आर. स्कॉट यांनी या संचयाचे परीक्षण करून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला.

या घटनेस शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. जैन समाजाच्या दृष्टीने तिचे महत्त्व मात्र फारसे कोणी सांगितलेले नाही. ज्या राजाची ही नाणी, त्याच्या संपत्तीची आणि त्याच्या पराभवाची कथा जैन आचार्यांनी आपल्या ग्रंथांत जतन करून ठेवली होती. भूमीने आपली साक्ष दिली, ती त्यानंतर कित्येक शतकांनी.

एका नाण्यावर दोन राजे

नहपानाचे नाणे आकाराने लहान असून वजनाने सुमारे दोन ग्रॅम भरते. त्याच्या एका बाजूस राजाचे उजवीकडे पाहणारे मुख असून भोवती ग्रीक लिपीतील अक्षरे आहेत. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र ही चिन्हे असून ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिपींत राजाचे नाव कोरलेले आहे. एवढ्याशा चांदीच्या चकतीवर तीन लिपी एकत्र नांदतात. समुद्रमार्गाने येणारा यवन व्यापारी, उत्तरेकडील शक सरदार आणि दक्षिणेतील स्थानिक सावकार या सर्वांचा वावर असलेली बाजारपेठ त्यामागे उभी असल्याचे दिसून येते. भरुकच्छ, म्हणजे आजचे भरूच, हे त्या काळातील अग्रगण्य बंदर नहपानाच्या सत्तेखाली होते.

जोगलटेंभीच्या संचयातील खरे आश्चर्य याहून निराळे होते. १३,२५० नाण्यांपैकी ९,२७० नाण्यांवर दुसऱ्या राजाने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आढळला. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. त्याने नहपानाची नाणी वितळविली नाहीत. त्यांच्यावरच एका बाजूस पर्वताचे चिन्ह व आपले नाव आणि दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह ठोकून ती चलनात आणली. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्या राजाचे नाक, कपाळ किंवा ग्रीक अक्षरे आजही डोकावतात. जेता आणि जित हे दोघेही एकाच नाण्यावर दिसतात.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. पुत्राने क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद केला, असा त्यात गौरवाने उल्लेख आहे. प्रशस्तिलेखात अतिशयोक्ती असण्याचा संभव असतो. परंतु शत्रूची सहस्रावधी नाणी हाती आल्याखेरीज त्यांवर ठसा मारता येत नाही. त्यामुळे मातेच्या शब्दास नाण्यांची भक्कम पुष्टी मिळाली. गौतमीपुत्राने ती चांदी वितळवून नवी नाणी पाडली असती, तर हा पुरावा कायमचा नाहीसा झाला असता.

जैन ग्रंथांतील नभोवाहन

आवश्यकसूत्रावरील प्राचीन व्याख्यासाहित्यात भरुकच्छच्या नहवाहन राजाची कथा येते. संस्कृत ग्रंथांत त्याचेच नाव नभोवाहन असे आढळते. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतरच्या राजांच्या ज्या कालगणना जैन परंपरेत आहेत, त्यांतही नभोवाहनास चाळीस वर्षांचे राज्य दिलेले आहे. हा नभोवाहन म्हणजेच नहपान, असे अनेक इतिहासकार मानतात. जैन कालगणनेतील त्याचे स्थान आणि शिलालेखांवरून निघणारा काळ यांचा मेळ सर्वस्वी बसत नाही, हेही येथे नमूद करणे उचित होय. कथेतील मुख्य घटना मात्र नाण्यांच्या साक्षीशी विलक्षण जुळते.

कथा अशी आहे. भरुकच्छचा नहवाहन कोशाने समृद्ध होता आणि प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, सालवाहन सैन्याने समृद्ध होता. सालवाहनाने भरुकच्छास वेढा घातला. नहवाहनाकडे द्रव्याची वाण नव्हती. शत्रुसैनिकांना मारून आणणाऱ्यास तो मोठे पारितोषिक देई. त्यामुळे त्याचे योद्धे प्राणपणाने लढत आणि सालवाहनास दरवर्षी माघार घ्यावी लागे. अखेर सालवाहनाच्या अमात्याने एक युक्ती योजिली. राजाने आपणांस हाकलून दिले असा बहाणा करून तो गुग्गुळाचे ओझे घेऊन भरुकच्छास गेला आणि कालांतराने नहवाहनाचा विश्वासू मंत्री झाला. राज्य पुण्याने लाभते, तेव्हा पुण्यकार्यात द्रव्य वेचावे, असा उपदेश त्याने राजास केला. देवालये, स्तूप, तलाव, विहिरी यांवर अमाप खर्च झाला आणि उरलेसुरले द्रव्य अंतःपुराच्या अलंकारांत गेले. कोश रिता झाल्याचे कळताच सालवाहन चालून आला. या वेळी पारितोषिक द्यावयास नहवाहनाजवळ काही उरले नव्हते. नगर पडले.

कथेतील युक्ती आणि संवाद यांना इतिहास म्हणता येणार नाही. तथापि भरुकच्छचा धनाढ्य राजा, प्रतिष्ठानचा सातवाहन, दोघांचे वैर आणि पहिल्याचा पराभव ही चौकट जोगलटेंभीच्या नाण्यांनी उचलून धरली. प्रतिष्ठान नगरी जैन परंपरेस परकी नव्हती. कालकाचार्यांनी सातवाहन राजाच्या विनंतीवरून पर्युषणाची तिथी पंचमीऐवजी चतुर्थी केली, ही परंपरागत हकीकत याच नगरीशी निगडित आहे. ज्या साधुसंघाचा विहार प्रतिष्ठान ते भरुकच्छ या व्यापारी मार्गाने होत असे, त्याच्या स्मृतीत या दोन नगरांचे वैर टिकून राहिले, यात नवल नाही.

मूळ धन आणि वृद्धी

कथेतील दानाचा प्रसंग वाचताना एक शंका मनात येते. दानाने कोश रिता होतो, असे शास्त्रकारांना सुचवावयाचे होते काय? तिचे उत्तर नहपानाच्याच काळातील एका शिलालेखात सापडते. पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जामात उषवदात याच्या दानाची नोंद आहे. उषवदात हे नाव ऋषभदत्त या नावाचे रूप मानले जाते. केवळ नावावरून त्यास जैन ठरविणे मात्र योग्य नव्हे, कारण त्याची दाने बौद्ध भिक्षू व ब्राह्मण यांना दिलेली आहेत. शेजारच्याच ११ क्रमांकाच्या लेण्यात ऋषभदेवांची मूर्ती आहे, ती मागाहूनच्या काळातील होय.

उषवदाताने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २,००० कार्षापणांस दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या १,००० कार्षापणांस दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. २,००० कार्षापणांचे वार्षिक व्याज २४० होते. त्यातून वर्षावासात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे होते. हिशेब नेमका जुळतो. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ वृद्धीचा उपभोग घ्यावयाचा, असा स्पष्ट निर्बंध लेखात आहे. त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, असाही हिशेब दिलेला आहे. त्यावरून एका सुवर्णास ३५ कार्षापण हा त्या काळचा दर निश्चित कळतो.

आजच्या विश्वस्त संस्थांची कायम निधीची कल्पना याहून वेगळी नाही. श्वशुराने मूळ धनच वेचून टाकले, असे कथा सांगते. जामाताने मूळ धनास हात न लावता वृद्धीतून दान चालविले, असे शिलालेख सांगतो. दानास विरोध कोठेच नाही. मूळ धन राखण्याचा विवेक तेवढा दोन्ही ठिकाणी अधोरेखित झाला आहे.

ठक्कुर फेरूंची नोंद

नाण्यांचे शास्त्र लिहून ठेवण्याचे कार्यही एका जैन श्रावकाने केले आहे. ठक्कुर फेरू हे श्रीमाळ कुळातील गृहस्थ दिल्लीच्या सुलतानांच्या सेवेत होते. जैन समाजास ते ‘वास्तुसार’ या ग्रंथाचे कर्ते म्हणून परिचित आहेत. टांकसाळीतील आपल्या अनुभवावर आधारित ‘द्रव्यपरीक्षा’ हा प्राकृत ग्रंथ त्यांनी विक्रम संवत १३७५ मध्ये, म्हणजे इ. स. १३१८ मध्ये रचला. त्या वेळी दिल्लीच्या गादीवर कुतुबुद्दीन मुबारकशाह होता. सोन्याचांदीचे शोधन कसे करावे, निरनिराळ्या राज्यांची नाणी कोणती, त्यांत शुद्ध धातू किती आणि त्यांचे मोल काय, हे सर्व त्यात गाथाबद्ध केले आहे. हा ग्रंथ त्यांनी आपला बंधू व पुत्र यांच्यासाठी लिहिला. मध्ययुगीन भारतातील नाण्यांविषयी असा दुसरा ग्रंथ उपलब्ध नाही.

फेरूंच्या ग्रंथांचे हस्तलिखितही दीर्घकाळ अज्ञातच राहिले. अगरचंद नाहटा व भंवरलाल नाहटा यांना ते इ. स. १९४६ मध्ये कोलकाता येथे आढळले आणि पुढे मुनी जिनविजयजींच्या संपादनाखाली ते १९६१ मध्ये प्रकाशित झाले. ज्ञानभांडारात पोथी सांभाळली गेली, म्हणूनच सात शतकांपूर्वीची टांकसाळ आज अभ्यासकांस वाचता येते.

संग्राहकांचे दायित्व

आज मुंबई, पुणे, नाशिक यांसारख्या नगरांत नाणकसंग्राहकांची प्रदर्शने व मेळावे भरतात. नव्याने मिळविलेले दुर्मीळ नाणे किंवा पदक संग्राहक तेथे एकमेकांस अभिमानाने दाखवितात. ज्याच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या सराफी व सावकारी राहिली, त्या जैन समाजात असे संग्राहक पुष्कळ आहेत. नाणेशास्त्राच्या उभारणीत खाजगी संग्राहकांचा वाटा मोठा आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांनी क्षत्रपांची नाणी परिश्रमपूर्वक जमविली आणि त्यांवरून त्या राजांचा वंशक्रम लावला. त्यांचा यावरील निबंध मृत्यूनंतर, इ. स. १८९० मध्ये, प्रसिद्ध झाला. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० च्या दशकात नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, तीही विद्वान आणि संग्राहक यांच्या सहकार्यातूनच.

संग्रहास अर्थ प्राप्त होतो तो नोंदीमुळे. जोगलटेंभीची नाणी नोंद होण्यापूर्वीच विखुरली असती, तर प्रत्येक नाणे सुंदर दिसले असते, पण १३,२५० पैकी ९,२७० हा आकडा कोणासही कळला नसता. इतिहास घडविला तो त्या आकड्याने. म्हणून नाणे कोठे सापडले, कोणाकडून आले, सोबत कोणती नाणी होती, वजन किती, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. चिंच, राख किंवा आम्ल लावून जुने नाणे घासू नये, कारण त्याने ठशाच्या बारीक रेषा पुसल्या जातात. जुन्या चांदीचा भाव घेऊन नाणी मुशीत टाकणे हे तर पोथी चुलीत घालण्यासारखे होय. भूमिगत धन सापडल्यास १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

जे प्राचीन नाण्यांस लागू, तेच अलीकडच्या नाण्यांस व पदकांसही लागू आहे. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त भारत सरकारने २००१ मध्ये काढलेले पाच रुपयांचे नाणे अनेक घरांत जपून ठेवलेले आहे. प्रतिष्ठा महोत्सव, पारणे, संस्थांचे महोत्सव अशा प्रसंगी प्रभावना म्हणून वाटलेली चांदीची मुद्रांकित नाणी व पदके यांची मात्र कोठेही एकत्र नोंद नाही. त्यांवर तीर्थाचे नाव असते, मिती असते, संवत असतो. कपाटाच्या कप्प्यातील अशा नाण्यांची सूची प्रत्येक मंदिराच्या वा विश्वस्त संस्थेच्या दप्तरी झाली, तर पुढील पिढीस आपल्या संघाचा इतिहास लिहिण्याचे एक विश्वसनीय साधन लाभेल. पूर्वाचार्यांनी राजांच्या कथा लिहून ठेवल्या आणि श्रावकांनी पोथ्या सांभाळल्या. नाण्यांची वही लिहिणे हे त्याच परंपरेतील, सहज करता येण्याजोगे श्रुतसेवेचे कार्य होय. सुवर्णमहोत्सवी वर्षात त्याचा प्रारंभ व्हावा, याहून अधिक उचित प्रसंग तो कोणता?