घर विकत कोणी घेतलं होतं?

मुंबईत जागेचा विषय निघाला की वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो: आम्ही पोटाला चिमटा काढून घर केलं, मग एवढा पगार असून तुम्हाला का जमत नाही? चिमटा काढला हे खरंच आहे आणि त्या कष्टांचा मान ठेवायलाच हवा. पण नुसत्या काटकसरीच्या बळावर या शहरात नोकरदाराला घर मिळालं, असा काळ शोधू गेलं तर सापडत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत इथल्या कामगाराला आणि मध्यमवर्गाला जेव्हा जेव्हा परवडणारं छप्पर मिळालं, तेव्हा तेव्हा जमिनीचा भाव कुणीतरी आधीच आवरून धरलेला होता. कधी सरकारने, कधी कायद्याने, कधी सहकारी संस्थेने. आजच्या तरुणाची अडचण पगाराची आहेच. त्याहून अधिक ती या व्यवस्था मोडल्याची आहे, आणि त्यांचा लाभ पहिल्या लाभार्थ्यांच्याच घरात अडकून राहिल्याची आहे.

१८९६ साली मांडवीत प्लेगचे रोगी सापडले आणि दोन वर्षांत, १८९८ मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. या ट्रस्टने दाटीच्या वस्त्या पाडल्या, गरिबांची घरं मोडली आणि त्या मानाने बांधली फार थोडी. हा दोष मोठा आहे. पण त्याच ट्रस्टने गावदेवी, दादर, माटुंगा इथली जमीन घेतली, रस्ते आणि गटारं केली, भूखंड पाडले आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. दादरच्या पारशी कॉलनीसाठी मंचेरजी जोशींनी ट्रस्टकडून मध्यमवर्गीय पारशांकरता १०३ भूखंड राखून घेतले. गावदेवीला रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. देशातल्या पहिल्या गृहनिर्माण संस्थांत तिची गणना होते. तिची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. इमारती संस्थेच्या आणि सभासद संस्थेचा भाडेकरू. त्याने भाग घ्यायचे, दरमहा भाडं भरायचं, त्या भाड्यातून कर्ज फिटायचं. इथे कुणी घर ‘विकत’ घेतलेलं नव्हतं. घर राहण्यासाठी होतं आणि ते बाजारात नेण्याची वाटच मुळात ठेवलेली नव्हती. या वसाहती जातीच्या आणि धर्माच्या कुंपणात उभ्या राहिल्या, हा आक्षेप मात्र टाळता येत नाही. सहकारात शिरायला आधी ओळख लागत असे, आणि ज्याच्या जातीपाशी शिक्षण, नोकरी, वशिला काहीच नव्हतं तो बाहेरच राहिला. अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने समाजापुरतं सभासदत्व वैध ठरवलं. म्हणजे ते कुंपण अजून पुरतं पडलेलं नाही. पण कुंपण वाईट होतं म्हणून आतली रचनाही वाईट ठरत नाही.

कामगारांसाठी १९२० नंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या. चाळी २०७, खोली १६० चौरस फुटांची, आणि खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर. म्हणजे ज्या धंद्याला मजूर हवे होते त्याच धंद्याच्या मालावर मजुरांच्या घराचा भार टाकला होता. खोल्या कोंदट, संडास सामाईक. कौतुक करण्याजोगं त्यात फारसं नव्हतं. पण गिरणीत लागलेल्या माणसाला जमिनीची किंमत मोजावी लागत नव्हती. खासगी चाळींत तेच काम भाडे नियंत्रणाने केलं. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, पहिला भाडे कायदा आला. १९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. गिरगाव, लालबाग, परळमध्ये दोन-तीन पिढ्या वाढल्या त्या या गोठलेल्या भाड्यावर. विकत घ्यायची म्हणून जागा घेणारे लोक तेव्हा फार थोडे होते.

भाडे कायद्यानेच शहराचं वाटोळं केलं, असं म्हणणारा पक्ष आहे आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. भाड्यातून रंगरंगोटीचाही खर्च निघेना तेव्हा मालकांनी डागडुजी सोडली, भाड्याने देण्यासाठी इमारती बांधणं बंद झालं आणि भाड्याची कसर पागडीने काढली जाऊ लागली. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं तेव्हा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती १९ हजारांहून अधिक होत्या. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अन्याय्य झाल्याचं सांगितलं. चूक होती ती भाडं आवरण्यात नव्हे, ते एका तारखेला खिळवून ठेवण्यात. आणि तो खर्च घरमालकाच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवून सरकारने स्वतः पुरेशी भाड्याची घरं बांधली नाहीत, ही दुसरी चूक.

‘ओनरशिप’ हा शब्द मराठी घरात रुळला तो नंतर. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा सदनिका मालकीचा कायदा यांनी त्याला आकार दिला. आपण ज्याला घर घेण्याचा सुवर्णकाळ म्हणतो तो साधारण तिथून नव्वदच्या दशकापर्यंतचा, जेमतेम तीन दशकांचा आहे, आणि त्यातही बाजार एकटा नव्हता. सरकारने सवलतीच्या दराने भूखंड दिलेल्या संस्था होत्या, आधी गृहनिर्माण मंडळ आणि १९७७ पासून म्हाडा होती, आयुर्विम्याची कर्जं होती, भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढता येत होती. सिडकोने १९७० नंतर नवी मुंबई वसवली ती ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन संपादून. वाशी-नेरूळच्या स्वस्त घराची किंमत आगरी-कोळी शेतकऱ्याने भरली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय पुढे आला. काटकसरीच्या गोष्टीत या माणसांचा उल्लेख सहसा येत नाही, तो यायला हवा.

मग ही व्यवस्था मोडली कशी? त्याचं सर्वांत उघड उत्तर गिरण्यांच्या जमिनीत आहे. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि शहराच्या मध्यावर सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याची शक्यता निर्माण झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिची वाटणी ठरवली: स्थूलमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्यापुरती उरली. शेड पाडून मोकळी होणारी जमीन मालकाकडे राहिली. उच्च न्यायालयाने ते अमान्य केलं, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. दरम्यान राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सरकारनेच, आपल्या गिरण्या लिलावात काढल्या. दादरची कोहिनूर मिल क्रमांक तीन ४२१ कोटींना गेली, लोअर परळची मुंबई टेक्सटाइल मिल ७०२ कोटींना. जमिनीचा भाव जिने आवरायचा तीच यंत्रणा सर्वाधिक बोली लावणाऱ्याची वाट पाहू लागली. २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी पहिली मोठी सोडत निघाली तेव्हा घरं ७ हजारांच्या आत होती आणि अर्ज दीड लाखाच्या घरात.

यावर सांगितलं जातं की पूर्वी कर्ज महाग होतं, आता स्वस्त आहे. खरं आहे: १९७७ मध्ये ह. ठा. पारेख यांनी एचडीएफसी काढली आणि पगारदाराला गृहकर्ज मिळू लागलं; नव्वदच्या दशकात व्याज पंधरा टक्क्यांच्या आसपास होतं, पुढे ते निम्म्यावर आलं. पण जमीन तेवढीच राहून सगळ्यांच्या हाती अधिक कर्ज आलं तर ते कर्ज जमिनीच्या भावात मुरतं. हप्ता तोच राहतो, मुदत वीस-पंचवीस वर्षांची होते. दुसरं उत्तर चटई क्षेत्र वाढवा, घरं वाढतील, भाव उतरतील. बांधकाम वाढायला हवंच. पण २०११ च्या जनगणनेत याच शहरात सुमारे पावणेपाच लाख घरं रिकामी आढळली होती, आणि त्याच वेळी दर दहांतली चार माणसं झोपडपट्टीत राहत होती. काय बांधायचं आणि कुणासाठी, हे ठरवल्याशिवाय मजले वाढवले तर बहुतेक वाढ गुंतवणुकीत जाते. तिसरं उत्तर बदलापूर-विरारचं. तिथली घरं स्वस्त आहेत याचा अर्थ किमतीचा काही भाग लोकलच्या गर्दीत रोज तीन-चार तास उभं राहून भरायचा, एवढाच. २०२४ मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाने २,०३० घरांची सोडत काढली तेव्हा एक लाखाहून अधिक लोकांनी अनामत भरली. काटकसरीची सवय मोडलेली पिढी अशी रांग लावत नाही.

या रांगेत मोठा भेद आहे आणि तो पगाराचा नाही. बीडीडीच्या १६० फुटांच्या खोलीच्या जागी भाडेकरूला ५०० फुटांची मालकीची सदनिका विनामूल्य मिळते. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्या कोंदट खोलीत काढलेल्यांना ती मिळाली याचा आनंदच आहे. पण त्याच पगाराचा, त्याच कचेरीत काम करणारा, आजोबा गावीच राहिलेला तरुण मात्र अकरा महिन्यांच्या करारावर घरं बदलत राहतो. पूर्वी घर कोणाला मिळालं यावर आज घर कोणाला मिळणार हे ठरतं आहे. गावदेवीच्या संस्थेत सभासद भाडेकरू होता. पुढच्या बहुतेक संस्थांत तो मालक झाला, आणि सवलतीच्या जमिनीवरचं घर बाजारभावाने विकण्याची मुभा त्याला हळूहळू मिळत गेली. मार्च २०१९ च्या नियमांनी सरकारी भूखंडावरच्या संस्थांना ठरावीक अधिमूल्य भरून जमीन पूर्ण मालकीची करून घेण्याची सोय दिली. रहिवाशांची कटकट त्याने कमी होते, आणि त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. मात्र सार्वजनिक जमिनीवरची सवलत एका पिढीच्या वारसांकडे कायमची जाते आणि पुढच्या पिढीला देण्यासाठी सरकारच्या हाती काही उरत नाही. पूर्व किनाऱ्यावरची बंदराची आणि मिठागरांची जमीन अजून बरीचशी सार्वजनिक मालकीची आहे. तिच्यावर जी घरं होतील ती १९१५ च्या अटींवर व्हावीत: जमीन सरकारची, इमारत संस्थेची, सभासद कुठल्याही जातिधर्माचा, आणि घर सोडताना त्याने भागभांडवल व फेडलेलं कर्ज वाजवी वाढीसह परत घ्यावं, जागा मात्र रांगेतल्या पुढच्याला द्यावी.