व्याख्येबाहेरची गाडी

1988 च्या मोटार वाहन कायद्याने ‘मोटार वाहन’ आणि ‘वाहन’ हे दोन शब्द एकाच व्याख्येत बांधून टाकले आहेत. यंत्राच्या जोरावर चालते आणि रस्त्यावर वापरता येते, ते वाहन. उसाच्या मोळ्यांनी शिगोशीग भरलेली बैलगाडी, मुंबईच्या बाजारातली हातगाडी, टांगा, सायकल यांपैकी काहीही या कायद्याच्या लेखी वाहन नाही. प्रत्येक कायदा आपल्यापुरती व्याख्या करतो, त्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. विशेष हे, की रस्त्याचा आपल्याकडचा मुख्य कायदा हाच आहे, आणि त्यात जो बसत नाही त्याला रस्त्यावर वावरण्याची रीतसर जागाच उरत नाही. सरकारी नियमांच्या जाचाने जुन्या गाड्या हटल्या असा एक सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्राचा गेल्या दोनशे वर्षांचा अनुभव मला तरी उलटा दिसतो. या गाड्यांवर बारीकसारीक नियम होते तोवर त्यांची जागा पक्की होती. नियम विरळ होत गेले आणि मागे उरली ती मनाई.

मुळात ‘पारंपरिक’ हा शब्दच इथे जरा जपून वापरायला हवा. बैलगाडी शेतीइतकी जुनी आहे हे खरे, पण ती शेतापासून खळ्यापर्यंतची, फार तर गावच्या बाजारापर्यंतची. घाटावरून कोकणात माल उतरायचा तो बैलांच्या पाठीवर. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ वाहत, कारण सह्याद्रीत गाडी जाईल अशी वाटच नव्हती. बोरघाटातला गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, 1830 मध्ये खुला झाला. त्याच दशकात महसूल-पाहणी खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला सुधारित, हलक्या गाड्या बांधण्याचा कारखाना काढला. आधीच्या अवजड गाड्यांच्या मानाने ही गाडी दोन बैलांना झेपणारी होती. मग पाठीवरचा माल चाकांवर आला आणि तांड्यांचा धंदा ओसरला. दख्खनच्या हमरस्त्यावर दिसणारी, आज आपण सनातन म्हणून मिरवतो ती मालाची गाडी अशी निम्मी सुताराची आणि निम्मी सरकारची आहे. तिला रस्ता दिला तो राज्यसंस्थेने, आणि रस्ता दिला म्हटल्यावर नियमही आलेच.

ते कसे आले हे पाहण्याजोगे आहे. रस्ते आणि पुलांवरच्या टोलसाठी मुंबई इलाख्यात 1875 साली कायदा झाला, तेव्हा टोल द्यायला मोटार जन्मलीच नव्हती. नाक्यावर पैसे मोजायचे ते गाडीवानाने. त्याआधी 1861 मध्ये भाड्याने प्रवासी नेणाऱ्या घोडागाड्यांसाठी देशभराचा कायदा आला. 1863 मध्ये मुंबई शहरातल्या भाड्याच्या गाड्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि 1920 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. नागपूरकडे, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांतात, 1879 चा घोडागाड्यांचा कायदा लागू होता. भाड्याच्या गाड्यांच्या या कायद्यांत भाषा साधारण एकच आहे: परवाना, गाडीचा क्रमांक, किती माणसे बसवायची, किती भाडे घ्यायचे. 1890 च्या प्राणिक्रूरता कायद्याने जनावरावर झेपेल त्याहून जास्त ओझे लादणे हा गुन्हा ठरवला. हे सारे गाडीवानाला सुखाचे नव्हते. शिपायाचा दट्ट्या, दंड, चिरीमिरी हे सोबत आलेच असणार. तरीही क्रमांक असलेली गाडी ही कायद्याने ओळखलेली गाडी होती. भाड्याचा दर ठरलेला आहे याचा अर्थ तिची गरज मान्य आहे. नियम हा अशा वेळी लगाम तर असतोच, पण दाखलाही असतो.

मोटार आल्यावर पहिला बदल झाला तो शब्दांत. 1914 मध्ये देशाचा पहिला मोटार वाहन कायदा झाला, मग 1939 चा, मग 1988 चा. प्रत्येक वेळी मोटारीचा तपशील वाढत गेला: चालकाचा परवाना, विमा, वेग, दिवे, ब्रेक, अपघाताची भरपाई. बैलगाडी आणि सायकल मात्र पोलिसांच्या पदरात पडली. 1951 च्या पोलीस कायद्यातले 33 वे कलम पोलीस आयुक्ताला किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याला रस्त्यावरच्या सर्व प्रकारच्या रहदारीसाठी नियम करण्याचा अधिकार देते. गाडी हाकणारा, सायकल चालवणारा, पायी चालणारा, गुरे नेणारा असे सगळे त्यात एकत्र येतात, आणि नियमांचा हेतू म्हणजे लोकांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होऊ नये. गाडीवर दिवा किती वाजता लावायचा आणि कुठे, हेही त्यातच बसते. बैलगाडीच्या आसाखाली झुलणारा कंदील आणि बिनदिव्याच्या, डबलसीट सायकलस्वाराला चौकात अडवणारा शिपाई हे दोघेही याच व्यवस्थेची लेकरे. त्यातला कंदील मला महत्त्वाचा वाटतो. तो नियम गाडीवानालाही वाचवत होता. पुढे या अधिकारातून प्रामुख्याने जे निघत गेले ते फलक होते: अमुक वेळेत हातगाड्यांना मनाई, तमुक रस्त्यावर बैलगाड्यांना बंदी. ज्या गाड्यांसाठी रस्ता झाला होता, त्याच आता रहदारीतला अडथळा ठरल्या.

यावर सरळ आक्षेप असा, की ताशी चार किलोमीटरची गाडी आणि ताशी ऐंशीची मोटार एकाच पट्ट्यावर चालवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. हे नाकारता येत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर बैलगाडी, पादचारी आणि दुचाकीलाही प्रवेश नाही. ती बंदी मला रास्त वाटते, कारण तिथे जुना महामार्ग शेजारी शिल्लक आहे. पण गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांकडे पाहा. बीडकडून आलेली ऊसतोड जोडपी फडातून मोळ्या भरतात आणि टायरगाडी कारखान्याच्या काट्यावर रांगेत लावायला बऱ्याचदा अंधारातच निघतात. ही गाडी अनेकदा कारखान्यानेच दिलेली असते. तिला पर्यायी रस्ता नाही. तिच्या मागे परावर्तक पट्टी लागते ती एखाद्या मोहिमेत, कोणाच्या तरी सदिच्छेने. टायर हवेचे असावेत की नाही याचा विचार कायद्याने केला आहे, पण तो वाहतुकीच्या कायद्यात नाही. ओझ्याच्या जनावरांविषयीच्या 1965 च्या नियमांत आहे. हवेचे टायर असले तर तिथे ओझ्याची मर्यादा लोखंडी धावेच्या दीडपट होते. वेगातला फरक धोक्याचा आहे, हा युक्तिवाद म्हणूनच नियम नसण्याच्या बाजूने जात नाही. तो अधिक आणि नेमके नियम मागतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. या गाड्या ओढणारे जीव आहेत, आणि त्यांच्या कष्टावर चालणारी वाहतूक संपली तर हळहळ कसली? 8 जून 2015 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, वर्षभरात त्या बंद करायला सांगितल्या आणि चालक-मालकांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याचा आदेश सरकारला दिला. निकालाशी वाद घालावा असे मला वाटत नाही. विजेवर चालणारी ट्राम, बस आणि टॅक्सी आल्यावर व्हिक्टोरिया प्रवासाचे साधन उरली नव्हती. जी उरली होती ती चौपाटीवरची हौस, आणि हौसेसाठी घोडा राबवणे समर्थनीय नाही. माथेरानच्या हातरिक्षेबाबत तर प्रश्न माणसाच्या प्रतिष्ठेचा होता. तिथे 2003 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबवली, म्हणजे नेहमीचा क्रम उलटा केला, पण माणूस माणसाला ओढत राहिला. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा सहा महिन्यांत थांबवायला सांगितले. दोन्ही ठिकाणी अखेर न्यायालयाला बोलावे लागले. 1965 चे तेच नियम सांगतात की जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक जुंपू नये, सलग पाच तासांनंतर विसावा द्यावा, आणि पारा 37 अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन गाडी जुंपूच नये. नियम चांगले आहेत. पण गाडी वाहतुकीच्या कायद्यातच नाही म्हटल्यावर भर दुपारच्या रस्त्यावर घड्याळ आणि पारा पाहायला उभे कोण राहणार? आणि सायकल, हातगाडी यांना तर जनावरच नाही. त्यांच्या हकालपट्टीला क्रूरतेचे कारण पुरत नाही.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या 138 व्या कलमात एक पोटकलम घातले. यंत्राशिवाय चालणारी वाहने आणि पादचारी यांच्या वावराचे, सार्वजनिक जागा व राष्ट्रीय महामार्गांवरील त्यांच्या प्रवेशाचे नियम राज्यांना रस्तासुरक्षेसाठी करता येतील, अशी ती तरतूद आहे. ज्याला वाहन म्हणायचे नाही असे ठरवले होते, त्याला कायद्याने अखेर मागच्या दाराने आत घेतले. ‘प्रवेश’ या शब्दाचा अर्थ वाट देणे असाही होतो आणि वाट अडवणे असाही; तो कोणता, हे नियम लिहिणाऱ्याच्या हातात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये सर्व राज्यांना हे नियम करण्यासाठी सहा महिने दिले. ऊसगाड्या रस्त्यावर उतरतात त्याच सुमाराला ही मुदत सुरू झाली, आणि ती सरते एप्रिलमध्ये, जेव्हा बहुतेक कारखान्यांचे बॉयलर थंड होऊन टायरगाड्या जमा झालेल्या असतात आणि बैल परतीच्या वाटेला लागलेले असतात.