मार्गारिटा आणि कडू संत्र्याची डच साल

नेदरलँड्समधील हूफडॉर्प हे हार्लेमरमीर नगरपालिकेचे मुख्य गाव ज्या जमिनीवर उभे आहे, ती जमीन 1852 पर्यंत सुमारे 18,000 हेक्टरांच्या एका सरोवराचा तळ होती. लेगवाटर, क्रुक्विउस आणि लाइंडन या तीन वाफेच्या पंपगृहांनी ते सरोवर उपसून काढले, पुढच्याच वर्षी तेथे वस्ती झाली आणि क्राइसडॉर्प या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वस्तीला 1868 मध्ये आजचे नाव मिळाले. बांध घालून व पाणी उपसून मिळवलेल्या अशा समुद्रसपाटीखालच्या जमिनीला डच लोक ‘पोल्डर’ म्हणतात. इतक्या तरुण गावाचा मेक्सिकोच्या मार्गारिटा या पेयाशी संबंध जोडणे प्रथमदर्शनी ओढूनताणून केलेले वाटेल; परंतु अ‍ॅमस्टरडॅममधील बोल्स ही जुनी मद्य कंपनी आपला कारखाना शहरातील रोझेनग्राख्ट रस्त्यावरून 1969 मध्ये जेथे घेऊन गेली, ते नियू-फेनेप हे गाव याच पोल्डरात, हूफडॉर्पच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर आहे, आणि बोल्सच्या ख्यातीचा मोठा भाग संत्र्याच्या सालीपासून होणाऱ्या लिक्युअरवर, म्हणजे साखर घातलेल्या सुगंधी मद्यावर, उभा आहे. टकिला, लिंबाचा रस आणि हे लिक्युअर या तीन घटकांची मार्गारिटा बनते. तिचा जनक कोण, या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्ची पडली असली, तरी तिचा एकेक घटक कोणत्या व्यापारी वाटेने पेल्यापर्यंत पोहोचला, हे पाहणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरते.

त्यांपैकी संत्र्याची वाट सर्वांत वळणांची आहे. कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटावर स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात स्पेनमधील संत्र्याची झाडे नेऊन लावली. मात्र तेथील रखरखीत हवेत व निकृष्ट जमिनीत फळे इतकी कडू निपजू लागली की ती कोणी खाईना. याच उतरलेल्या वाणाला पुढे ‘लाराहा’ हे नाव मिळाले. फळ वाया गेले तरी त्याच्या हिरव्या सालीत सुगंधी तेल भरपूर होते, आणि 1634 मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीने हे बेट स्पॅनिशांकडून घेतल्यावर त्या सालीला अ‍ॅमस्टरडॅमच्या भट्ट्यांची बाजारपेठ मिळाली. येनेवर नावाचे जुनिपर फळांच्या वासाचे धान्यमद्य आणि मसाल्यांची लिक्युअरे गाळण्यात ही भट्टीवाली मंडळी मुरलेली होती. बोल्स घराणे आपली सुरुवात परंपरेने 1575 पासून मोजते, तर ज्याच्या नावाने कंपनी ओळखली जाते तो लुकास बोल्स (1652–1719) डच ईस्ट इंडिया कंपनीचा भागधारक होता, त्यामुळे पूर्वेकडून येणारे मसाले त्याच्या हाताशी होते. याच कंपनीने 1637 मध्ये कोकणात वेंगुर्ल्याला ठाणे केले होते, आणि तेथील डच वखारीचे पडके अवशेष आजही पाहायला मिळतात; वेंगुर्ल्याचा माल बोल्सच्या भट्टीत पडल्याचे कोणी म्हणू नये, परंतु एकाच कंपनीच्या जहाजांचे जाळे किती दूरवर पसरले होते, याची त्यावरून कल्पना येते.

बेटावरून कुरासाव हेच नाव मिळालेले हे लिक्युअर करण्याची मूळ पद्धत साधी आहे: वाळवलेली साल मद्यार्कात भिजत ठेवायची, तो मद्यार्क पुन्हा उकळून त्याची वाफ थंड करायची, म्हणजे सालीतील तेलाचा वास वाफेबरोबर उतरतो, आणि मग त्यात साखर मिसळायची. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी याच प्रकाराची स्वच्छ, रंगहीन आवृत्ती ‘ट्रिपल सेक’ या नावाने रूढ केली. तिचा मान सोम्यूर येथील कोंबिए घराणे 1834 चे वर्ष सांगून स्वतःकडे घेते, तर आंजे येथील क्वांत्रो हे लिक्युअर 1875 पासूनचे मानले जाते. पुढे 2000 ते 2006 या काळात बोल्स ही कंपनी रेमी क्वांत्रो या फ्रेंच उद्योगसमूहाच्या मालकीची होती, म्हणजे डच आणि फ्रेंच संत्रे काही वर्षे एकाच छपराखाली नांदले. निळ्या कुरासावचा निळेपणा हा केवळ घातलेला रंग आहे. चवीशी त्याचा काही संबंध नाही.

टकिला ज्या वनस्पतीपासून होते, तिच्या कुळातील अगावे मराठी वाचकाला घायपात या नावाने परिचित आहे. दख्खनच्या शेतांच्या बांधांवर ती काटेरी कुंपण म्हणून लावली जाते आणि तिच्या वाखाचे दोर वळले जातात. मेक्सिकोतील हालिस्को प्रांतातल्या टकिला गावाच्या परिसरात निळसर घायपात साधारण सहा ते आठ वर्षे वाढवतात, ‘हिमादोर’ म्हणवणारे कुशल मजूर लांब दांड्याच्या ‘कोआ’ या अवजाराने तिची पाने छाटतात, उरलेला अननसासारखा गड्डा भट्टीत शिजवतात, आणि त्यातील फ्रुक्टन या जटिल घटकांची साधी साखर झाल्यावर पिळलेला रस आंबवून दोनदा ऊर्ध्वपातित करतात. कुएर्व्हो घराण्याला स्पेनच्या राजाकडून 1795 मध्ये हे मद्य गाळण्याचा परवाना मिळाला, आणि 1974 मध्ये मेक्सिको सरकारने ‘टकिला’ या नावाला भौगोलिक संरक्षण दिले. किमान 51 टक्के साखर निळ्या घायपातीची असली तरी बाटलीवर हे नाव चालते. म्हणून चोखंदळ लोक शंभर टक्के अगावेची बाटली पाहून घेतात.

मेक्सिकोत मात्र जुनी रीत टकिला तशीच, घोट घोट, अनेकदा ‘सांग्रिता’ या आंबट-तिखट लाल रसाच्या सोबतीने घेण्याची आहे. मार्गारिटाला ‘पारंपरिक मेक्सिकन’ म्हणताना हे विसरले जाते की हे पेय सरहद्दीचे अपत्य आहे. अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात दारूबंदी असताना तिहुआना आणि सिउदाद हुआरेझ या मेक्सिकन सरहद्दीवरच्या शहरांतील मद्यगृहे अमेरिकन गिऱ्हाइकांनी गजबजली, आणि त्या गिऱ्हाइकांना मद्यात लिंबू व गोडी मिसळण्याची सवय होती. जेरी थॉमस या अमेरिकन मद्यतज्ज्ञाच्या 1876 च्या पुस्तकात ‘डेझी’ नावाचे पेय आहे, ज्यात ब्रँडीबरोबर लिंबाचा रस आणि कुरासाव पडते. ब्रँडीच्या जागी टकिला आली की मार्गारिटाचा सांगाडा तयार होतो, आणि डेझी या फुलाला स्पॅनिशमध्ये मार्गारिटा म्हणत असल्याने नावासाठीही वेगळी नायिका शोधावी लागत नाही. तरीही नायिका आणि नायक शोधले गेलेच: कोणी 1938 च्या सुमाराचा कार्लोस एरेरा सांगतो, कोणी 1942 चा पांचो मोरालेस, तर कोणी 1948 मधली आकापुल्कोची मार्गारिटा सेम्स. लंडनमध्ये 1937 साली छापलेल्या कॅफे रॉयल कॉकटेल बुक या संग्रहात ‘पिकाडोर’ नावाने टकिला, क्वांत्रो व लिंबू यांचे हेच मिश्रण आढळत असल्याने हे तिन्ही दावे उशिराचे ठरतात. एस्क्वायर मासिकाने डिसेंबर 1953 मध्ये मार्गारिटा नावाने कृती छापली, आणि डॅलसच्या मारिआनो मार्टिनेझ यांनी 1971 मध्ये आइस्क्रीमच्या यंत्रातून गोठवलेली मार्गारिटा काढून तिची गर्दीला पुरणारी आवृत्ती रूढ केली.

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या प्रमाणानुसार एका पेल्यासाठी 50 मिलिलीटर टकिला, 20 मिलिलीटर ट्रिपल सेक आणि 15 मिलिलीटर ताजा लिंबाचा रस घ्यावा. थंड पेल्याच्या कडेवरून लिंबाची फोड फिरवून ती कड मिठात टेकवावी, शक्यतो अर्धीच, म्हणजे पिणाऱ्याला प्रत्येक घोटाला मीठ हवे की नको हे ठरवता येते. तिन्ही द्रव भरपूर बर्फासह झाकणबंद शेकरमध्ये जोराने हलवून गाळून ओतावेत. हलवण्याचा हेतू केवळ गारवा नव्हे. वितळलेल्या बर्फाचे थोडे पाणी मद्याची धार बोथट करते, आणि ते न मिळाल्यास पेय घशाला जळजळीत लागते. गोडी आणि संत्र्याचा वास ही दोन्ही कामे लिक्युअर करते, त्यामुळे स्वस्त व अतिगोड लिक्युअर वापरल्यास उत्तम टकिलाही वाया जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉमीज या उपाहारगृहातील हुलिओ बर्मेहो यांनी लिक्युअर वगळून घायपातीचाच गोड पाक घातला. ते पेय रुचकर आहे, मात्र त्यात डेझीचा वारसा उरत नाही.

मेक्सिकोतले बारीक, पातळ सालीचे लिंबू आणि महाराष्ट्रातले कागदी लिंबू ही एकाच जातीची फळे आहेत: आशियात उगम पावलेले हे झाड अरबांमार्फत भूमध्य समुद्राकडे आणि स्पॅनिशांमार्फत अमेरिकेत गेले, तर घायपात उलट दिशेने अमेरिकेतून भारतात आली. हूफडॉर्पच्या बाजारात मिळते ते मोठे, बिनबियांचे हिरवे लिंबू सौम्य असते. कागदी लिंबू वापरल्यास रस थोडा कमी करावा. डेस्मंड नाझरेथ यांनी दख्खनच्या पठारावरील घायपातीपासून आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात मद्य गाळून 2011 मध्ये ते गोव्यात विक्रीस आणले. मार्गारिटासाठी ते चालते, परंतु टकिला हे नाव मेक्सिकोपुरते राखलेले असल्याने ते अगावेचे मद्य म्हणूनच विकले जाते. कुरासाव या बेटाच्या नावाला असे कुंपण कधीच पडले नाही, आणि म्हणून त्या नावाचे लिक्युअर कोणत्याही देशातील कारखान्याला बाटलीत भरता येते.